बाळ कोणाकडे? बाळंतपणानंतर दोघांनी मिळून हिंडतं-फिरतं होण्यासाठी

बाळ तीन आठवड्यांचं होतं तेव्हा नवरा रोज संध्याकाळी म्हणायचा, "चल, जरा फिरून येऊ." म्हणायचा अगदी मनापासून. मग तो चपला घालून दाराशी उभा, आणि मी बाळाला पाजतेय, ढेकर काढतेय, लंगोट बदलतेय, पिशवीत जादाचे कपडे कोंबतेय, स्वतःचे ओले झालेले कपडे बदलतेय. एवढं होईपर्यंत बाळाला परत भूक. त्या आठवड्यात आम्ही एकदाच बाहेर पडलो, तेही भांडत.

बाळंतपणानंतरच्या व्यायामावर जे काही वाचायला मिळतं त्यात आईनं काय करायचं हे असतं. ती वीस मिनिटं बाळ कोणाकडे असणार, हे बहुधा नसतंच. माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडतं. कोणता व्यायाम करायचा हे दहा मिनिटांत शिकता येतं, वेळ मात्र दोघांनी बसून काढावा लागतो. म्हणून या लेखात व्यायामाइतकीच जागा वेळापत्रकाला, पिशवीला आणि एकमेकांशी कसं बोलायचं याला दिली आहे.

किती हालचाल पुरेशी

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालींबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र भाग आहे. काही वैद्यकीय अडचण नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि तिच्या जोडीला स्नायूंना बळ देणारे व्यायाम, असं त्यात म्हटलं आहे. जोडीदारासाठी, म्हणजे इतर प्रौढांसाठी, आकडा १५० ते ३०० मिनिटांचा आहे, शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम.

मध्यम श्रम ओळखायची सोपी खूण अशी: चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

१५० हा आकडा पहिल्या महिन्यासाठी नाही. तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत गाठायचा टप्पा समजा. आणखी एक बदल बाळ असलेल्या घराला फार उपयोगी आहे. आधीच्या, २०१० सालच्या सूचनांत हालचाल सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजे अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. सात मिनिटं चाललात आणि बाळ रडलं म्हणून परत आलात, तरी ती सात मिनिटं हिशेबात धरली जातात.

पहिली पायरी: डॉक्टरांना विचारायचं, आणि जोडीदारानं लिहून घ्यायचं

घरी सोडताना डॉक्टर किंवा नर्स बरंच काही सांगतात. रात्रभर न झोपलेल्या बाईच्या डोक्यात त्यातलं निम्मंही राहत नाही. म्हणून हे काम जोडीदाराचं. फोनमध्ये टिपून घ्या: टाके कुठे आणि किती आहेत, रक्त किती गेलं, हिमोग्लोबिन किती आहे, रक्तदाब चढला होता का, किती वजन उचलायला चालेल, पुन्हा दाखवायला कधी यायचं. आणि थेट विचारा, "चालायला कधी सुरुवात करू? पायऱ्या चढू का?"

बाळंतपण नैसर्गिक आणि विनातक्रार झालं असेल तर बरं वाटेल तसं काही दिवसांतच थोडं थोडं चालायला आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करायला सहसा हरकत नसते. सिझेरियननंतरही लवकर उठून चार पावलं चालायला सांगतात, कारण पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वरची कातडी जुळून आली, टाका सुकला, की माणसाला वाटतं झालं सगळं बरं. आतला थर इतक्या लवकर सावरत नाही. पोटाच्या स्नायूंना बांधून ठेवणारं जे मजबूत आवरण असतं त्याची ताकद सहा आठवड्यांनी जेमतेम अर्धी परतलेली असते, आणि उरलेली भरून यायला कित्येक महिने जातात. म्हणून पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं सांगतात ते उगाच नाही. पाण्याची बादली, कपड्यांचं ओझं, मोठं मूल, हे सगळं जोडीदाराकडे. त्याचा स्वतःचा व्यायामही इथूनच सुरू होतो, असं म्हणायला हरकत नाही.

थांबायच्या खुणा दोघांनाही तोंडपाठ हव्यात. खरं तर जोडीदाराला जास्त, कारण आई "होतं असं" म्हणून सोडून देते. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, चक्कर येणं. एकाच पायाची पोटरी दुखणं, सुजणं, गरम लागणं. न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधुक दिसणं. हे बाळंतपणानंतरही काही आठवडे रक्तदाब चढल्याचं लक्षण असू शकतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतकं अंगावरून जाणं. ताप, किंवा टाक्यांतून पाणी-पू येणं. यातलं काहीही दिसलं तर व्यायामाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरी पायरी: पहिले सहा आठवडे, श्वास आणि तळाचे स्नायू

मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं टोक हे सगळं खालून एका झोळीसारख्या स्नायूंनी तोलून धरलेलं असतं. फिजिओथेरपिस्ट त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. नऊ महिने ही झोळी वजनानं ताणलेली असते, आणि बाळंतपण खालून झालं असेल तर आणखीच. खोकताना, शिंकताना, हसताना थेंबभर लघवी होणं ही तिचीच तक्रार. आर्नल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला, तेव्हापासून हे व्यायाम त्याच्या नावानं ओळखले जातात.

करायचे असे. कुशीवर किंवा पाठीवर, गुडघे वाकवून पडा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचं आहे अशी कल्पना करून आतला भाग आवळा आणि वर ओढा. श्वास रोखू नका, सोडता सोडता आवळा. मांड्या, ढुंगण आवळलं जात असेल तर जोर चुकीच्या जागी लागतोय. सुरुवातीला दोन-तीन सेकंद धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. सैल सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे पुढे धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या. लघवीसाठी नळी घातली असेल तर ती काढून, नीट लघवी होऊ लागेपर्यंत थांबा. आणि प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून सराव करू नका, त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

हे आठवणार कसं? पाजण्याशी जोडून टाका. बाळ एका बाजूला लागलं की आठ वेळा. दिवसातून आठ-दहा वेळा पाजणाऱ्या बाईला याहून पक्की आठवण कुठली! जोडीदारालाही हे स्नायू असतात आणि पुरुषांनाही या व्यायामाचा उपयोग होतो, त्यामुळे त्यानंही करावेत. शेजारी बसून, कोणाला कळणारही नाही.

चालण्याचं म्हणाल तर पहिला आठवडा घरातल्या घरात. मग पाच मिनिटं दाराबाहेर. झेपलं की नाही हे त्या क्षणी कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. अंगावरून जाणं कमी होत आलं होतं ते पुन्हा वाढलं किंवा पुन्हा लालभडक झालं, खाली जडपणा वाटू लागला, टाके ठणकायला लागले, तर काल जास्त झालं. दोन दिवस थांबा आणि निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करा.

तिसरी पायरी: आठवड्याचा कागद

ही पायरी या सगळ्यातली सगळ्यात कंटाळवाणी. पण ती गाळली तर बाकीच्या पायऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

आधी तीन दिवस फक्त लिहा. काही बदलायचं नाही. बाळ केव्हा प्यायलं, केव्हा झोपलं, कधी रडलं, घरात कोण कोण होतं, आणि आई केव्हा केव्हा एकटी बसली किंवा आडवी झाली. जोडीदाराचं कामावर जाणं-येणं, त्याचा फोनवरचा वेळही लिहा. (हा शेवटचा रकाना आमच्याकडे जरा नाजूक ठरला.) चौथ्या दिवशी दोघं मिळून तो कागद वाचा आणि दिवसातल्या दोन फटी शोधा. बहुतेक घरांत त्या पाजणं झाल्यावर लगेच सापडतात. तसंही व्यायामाच्या आधी पाजून घेतलेलं बरं. भरलेल्या छातीनं चालणं त्रासाचं होतं, आणि बाळाचं पोट भरलेलं असलं की आईला परतायची घाई नसते.

फट सापडली की ती पूर्ण वाक्यात लिहा. "रोज व्यायाम करायचा" या वाक्यातून काही होत नाही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली मांडलं होतं की माणसानं नुसतं काय करायचं एवढंच न ठरवता केव्हा, कुठे आणि कसं हेही "असं झालं की मी तसं करीन" या रूपात ठरवलं, तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. नव्या आईबाबांसाठी त्या वाक्यात आणखी एक गोष्ट हवी: बाळ कोणाकडे. उदाहरणार्थ, "सकाळचं दुसरं पाजणं झालं की बाळ बाबाच्या खांद्यावर, आणि आई पंधरा मिनिटं बाहेर." किंवा, "बाबा कामावरून आला, हात धुतले, की तिघं मिळून वीस मिनिटं चालायला." किंवा, "रविवारी सकाळी बाबा पाऊण तास पोहायला, त्या वेळात बाळ आईकडे, आणि दुपारी पाऊण तास आईचा."

प्रत्येक वाक्याखाली एक पडतं वाक्यही लिहा. "रात्री चारदा उठलो असू तर चालणं रद्द, त्या वेळात आई झोपेल आणि बाळ बाबाकडे." वेळ ज्यासाठी राखली होती ते झालं नाही, तरी ती वेळ राखलेलीच राहते. नाहीतर काय होतं? चालणं रद्द झालं की त्या फटीत लंगोट धुणं शिरतं आणि मग ती फट परत मिळत नाही.

आता पिशवी. आमच्या घरातला नियम शेवटी असा ठरला: जो "चल" म्हणेल त्यानं पिशवी भरायची. दोन लंगोट, पुसायला कापड, बाळाचा एक जोड, आईसाठी पाण्याची बाटली, जादाचं पॅड. ती रात्रीच भरून दाराला टांगायची. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. पण आमचं फिरणं सुरू झालं ते या टांगलेल्या पिशवीपासून, जिद्दीबिद्दीतून नाही.

"मिळून" याचे तीन अर्थ

मिळून म्हणजे खांद्याला खांदा लावून असंच डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात तीन प्रकार आहेत आणि आठवड्यात तिन्ही हवेत.

पहिला, तिघं एकत्र: बाबागाडी किंवा अंगाला बांधायची झोळी घेऊन चालणं. दुसरा, पाळीपाळीनं: एक बाळापाशी, दुसरा बाहेर. तिसरा, घरात जमिनीवर, बाळाला मध्ये ठेवून. यातला दुसरा प्रकार जोडप्यांना मिळून केल्यासारखा वाटत नाही, म्हणून तो मागे पडतो. मला विचाराल तर आईला मोकळं करणारा प्रकार तोच आहे. बाळाचं वजन अंगावर नाही, कान रडण्याकडे नाहीत, हात मोकळे. पंधरा मिनिटं अशी मिळाली की बाई वेगळीच होऊन घरी येते. मात्र त्या वेळात जोडीदारानं "बाळ रडतंय, कधी येतेस?" असा फोन करायचा नाही. रडणाऱ्या बाळाला सांभाळायला तोही शिकतोच, फक्त त्याला तेवढी संधी मिळायला हवी.

झोळी वापरत असाल तर काही गोष्टींत तडजोड नको. झोळी घट्ट हवी, बाळ खाली घसरता कामा नये. मान खाली केली की बाळाचा चेहरा दिसला पाहिजे, कापडानं झाकलेला नको. डोक्याची पापी घेता येईल इतकं ते वर हवं. हनुवटी छातीला टेकलेली नको, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास तेवढ्यानंही अडतो. आणि पाठीला आधार हवा. झोळीत बाळ असताना पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. एकाची चाल भरभर असेल आणि दुसऱ्याची हळू, तर भरभर चालणाऱ्याच्या अंगावर बाळ किंवा हातात बाबागाडी द्या. चाल आपोआप सारखी होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ज्या सूचना दिल्या त्यात बाळाला बाबागाडीत किंवा अंगावर एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये असं म्हटलं आहे. म्हणजे लांबलचक फेरीचा बेत असेल तर मध्ये थांबून बाळालाही हातपाय झाडायला मोकळं सोडा.

चालणं कसं वाढवायचं

तक्रार नसलेल्या बाळंतपणानंतर साधारण असा अंदाज धरा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोज पाच ते दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर, गप्पा मारत. मग दर आठवड्याला फेरीमागे तीन ते पाच मिनिटांची भर. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला वीस मिनिटं आठवड्यातून पाचदा, म्हणजे शंभर मिनिटं. तपासणी झाली, डॉक्टर हो म्हणाले, की हळूहळू चढ आणि वेग वाढवा. बाराव्या आठवड्याच्या आसपास तीस मिनिटं पाचदा झालं की १५० पूर्ण. सिझेरियन झालं असेल, टाके खोलवर असतील किंवा रक्त बरंच गेलं असेल तर हाच क्रम आणखी सावकाश. कोणाशी शर्यत नाही.

चौथी पायरी: जमिनीवरची दहा मिनिटं

वर सांगितलेल्या २०१९ च्या सूचनांत आणखी एक आकडा आहे: अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी, दिवसभरात मिळून, किमान अर्धा तास पालथं ठेवावं. म्हणजे तुम्हाला नाहीतरी जमिनीवर बसायचंच आहे. सतरंजीवर बाळ मध्ये, दोघं दोन बाजूंना, आणि बाळ मान उचलायला धडपडतंय तेवढ्यात तुमचे व्यायाम. बाळ वैतागलं की थांबायचं. अगदी सुरुवातीला ते दोन-तीन मिनिटांतच वैतागतं.

सुरुवात पुलानं करा. पाठीवर पडून, गुडघे वाकवून, श्वास सोडत कंबर उचलायची, सावकाश खाली. मग गुडघ्या-हातांवर येऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे, कंबर न हलवता. भिंतीला हात टेकून भिंतीवरचे जोर. खुर्चीवर टेकल्यासारखं करून लगेच उठणं. हे समोरासमोर, एकमेकांचे हात धरून केलं तर तोल जात नाही आणि हसूही येतं. आणि माझा आवडता, टॉवेलची ओढाओढ. समोरासमोर बसा, दोघांच्या पायांचे तळवे टेकलेले, टॉवेलचं एकेक टोक हातात. एकानं कोपर मागे नेत सावकाश ओढायचं, दुसऱ्यानं थोडा विरोध करत सोडायचं, मग उलट. दिवसभर वाकून पाजल्यानं खांदे पुढे येतात आणि पाठ भरते, त्यावर हा उत्तम उतारा. प्रत्येकी आठ-दहा वेळा. सिझेरियन झालेलीनं हे सगळं सहा आठवड्यांनंतर, विचारून. जोर लावताना श्वास सोडायचा, एवढा एक नियम सगळीकडे लागू.

पोटाकडे लक्ष ठेवा. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधल्या रेषेपासून बाजूला सरकतात. पाठीवर पडून, गुडघे वाकवून, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटांनी चाचपून पाहा. दोन बोटांपेक्षा जास्त रुंद फट लागत असेल आणि बाळंतपणाला दोन महिने होऊन गेले असतील, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. कोणताही व्यायाम करताना पोट मधोमध तंबूसारखं वर येत असेल, तर तो व्यायाम अजून तुमच्यासाठी नाही. पोट कमी करायच्या घाईनं पाठीवरून सरळ उठून बसण्याचे व्यायाम सुरू करतात ते याच कारणानं नकोत. पलंगावरूनही आधी कुशीवर वळून मग उठा.

दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा जो व्यायाम होतो तो म्हणजे बाळ उचलणं, आणि तो कोणी शिकवत नाही. गुडघे वाकवा, बाळ छातीशी आणा, श्वास सोडत उठा. अंगठे ताणून, काखेत हात घालून बाळ पुनःपुन्हा उचललं की मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येते. तिथल्या स्नायुबंधांना सूज आलेली असते. त्यापेक्षा तळहात वर ठेवून, एक हात ढुंगणाखाली आणि एक मानेखाली असं घ्या. हे दुखणं आयांना जास्त होतं, पण बाबांनाही सुटका नाही.

वाईट आठवडा येणारच

लसीनंतरचा ताप, सर्दी, कामावरची गर्दी, झोपच न झालेली रात्र. त्यासाठी तीन मापं आधीच ठरवून ठेवा. पूर्ण माप म्हणजे ठरलेलं चालणं आणि जमिनीवरची दहा मिनिटं. अर्धं माप म्हणजे दहा मिनिटं चालणं. चिमूटभर माप म्हणजे पाजताना तळाचे व्यायाम आणि खिडकीशी उभं राहून दहा लांब श्वास. सकाळी एकमेकांना एवढंच विचारायचं, "आज कोणतं माप?" आईनं चिमूट म्हटलं तर चिमूट. त्यावर चर्चा नाही.

चिमूटच तीन-चार आठवडे चालू राहिली तर मात्र कारण शोधा. झोपूनही थकवा जात नाही, चढताना धाप लागते, छाती धडधडते, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींच्या थायरॉइडचंही बिनसतं. अशा शरीराकडे इच्छाशक्ती मागणं म्हणजे रिकाम्या माठात पेला बुडवणं.

आणि कधी कधी थकवा मनाचा असतो. हालचालीनं मनाची मरगळ कमी व्हायला मदत होते, हे खरं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येतंय, कशातच रस नाही, बाळाबद्दल काही वाटत नाही किंवा सतत भीती वाटते, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही, तर फेरी मारण्यावर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांशी बोला. एडिंबरा प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची साधी चाचणी १९८७ पासून यासाठी वापरात आहे, ती विचारून घेता येते. हे बाबांनाही होतं, आणि ते सांगत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.

काय बोलू नये

जोडीदारानं वजनाचा विषय काढायचा नाही. गमतीत नाही, काळजीपोटी नाही, "मी पण कमी करतोय" असंही नाही. "आज केलंस का?" हा प्रश्नही नको; तो मास्तरांचा प्रश्न आहे. त्याऐवजी "मी बाळ घेतो, तू जा" हे वाक्य म्हणा आणि खरोखर बाळ घ्या. आईनंही एक पथ्य पाळावं: बाबानं लंगोट वाकडा बांधला तर बांधू द्यावा. दर वेळी सुधारत बसलं की पुढच्या वेळी तो हात पुढे करत नाही, आणि ठरवलेली पंधरा मिनिटं पुन्हा आईच्याच गळ्यात.

"व्यायामानं दूध आटतं" ही भीतीही बऱ्याच जणींना घातली जाते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की नियमित व्यायामानं दुधाचं प्रमाण, त्यातले घटक किंवा बाळाची वाढ यांवर वाईट परिणाम होत नाही. तहान लागेल तसं पाणी प्या, छातीला नीट आधार देणारी ब्रा घाला. फक्त अंगावर पाजणाऱ्या शरीराला रोज सुमारे ५०० कॅलरी जादा लागतात, त्यामुळे व्यायामाच्या जोडीला उपास-तापास सुरू करू नका.

तीन महिन्यांनंतर

पळायची हौस असेल तर बारा आठवड्यांच्या आत नको. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली बाळंतपणानंतर पळण्याकडे परतण्यासाठी ज्या सूचना तयार केल्या त्यातही हेच आहे. पळण्याआधी स्वतःला तपासा: तीस मिनिटं भरभर चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागच्या जागी मिनिटभर धावणं, एकेका पायावर दहा लंगड्या उड्या. लघवी गळणं, खाली जडपणा, दुखणं यातलं काहीही झालं नाही तर मिनिटभर पळणं, दोन मिनिटं चालणं अशी सुरुवात करा. गळत असेल तर "आता हे असंच" म्हणून पॅड लावून पळू नका. हे बरं होतं, दाखवा. आणि बाबागाडी ढकलत पळायचं असेल तर बाळ निदान सहा महिन्यांचं, मान पक्की धरलेलं, गाडी पळण्यासाठीच बनवलेली, आणि डॉक्टरांचा होकार, एवढं सगळं हवं.

जोडीदार कामानिमित्त दूर असेल तर फोन कानाला लावून दोघांनी एकाच वेळी आपापल्या ठिकाणी चालावं. बोलणं होतं, चालणंही होतं. पण बाळ कोणाकडे हा प्रश्न तेव्हाही उरतोच, म्हणून कागदावर तिसऱ्या भरवशाच्या माणसाचं नाव लिहावं लागतं.

कागद महिन्याभरात जुना होतो, हेही आधीच सांगून ठेवते. झोपेच्या वेळा बदलतात, आई कामावर परतते, बाळ रांगायला लागतं आणि सतरंजीवर मध्ये गप्प पडून राहायला तयार नसतं. आमचं आता टॉवेलच्या ओढाओढीत तिसरं टोक मागतं. तेव्हा पुन्हा तीन दिवस लिहायचं, चौथ्या दिवशी बसायचं.